विद्यापीठाच्या नावाची चर्चा झाली. विद्यार्थ्याच्या नावाचे काय?

२०२५ च्या मार्च महिन्यात कोल्हापुरात विद्यापीठाच्या नावावरून वातावरण तापले. 'शिवाजी विद्यापीठ' हे नाव बदलून 'छत्रपती शिवाजी महाराज विद्यापीठ' करा, अशी मागणी घेऊन मोर्चा निघाला. कोल्हापुरातल्या पुरोगामी संघटनांनी आणि अनेक माजी विद्यार्थ्यांनी त्याला विरोध केला. स्थापना करणाऱ्यांनी हे सुटसुटीत नाव विचारपूर्वक ठेवले आहे, लांब नाव ठेवले की त्याची इंग्रजी आद्याक्षरे होतात आणि महाराजांचे नावच लोकांच्या तोंडून जाते, असे विरोध करणाऱ्यांचे म्हणणे होते. ते आम्हाला पटते. पण त्या दिवसांत आमच्यापैकी काहीजण एका वेगळ्याच कामात अडकलो होतो, आणि ते काम करताना एक प्रश्न मनातून जाईना. विद्यापीठाचे नाव काय असावे यावर सगळे शहर बोलते, मग विद्यापीठाला विद्यार्थ्याचे नाव माहीत असते का, यावर कुणीच का बोलत नाही?

ते काम असे होते. डोंगरी तालुक्यातली एक मुलगी, घरातली पहिली पदवीधर, एम.ए.च्या पहिल्या सत्राला होती. कॉलेज कोणते आणि विद्यापीठ कोणते हे आम्ही मुद्दाम लिहीत नाही, कारण हे महाराष्ट्रात कुठेही घडते. निकाल लागला तेव्हा एका पेपरसमोर 'गैरहजर' असे लिहून आले. तिने पेपर दिला होता. कॉलेजात अर्ज केला तर सांगितले, विद्यापीठात जा. विद्यापीठात गेली तर खिडकीतून सांगितले, कॉलेजचे पत्र आणा, सोबत पर्यवेक्षकाचा उपस्थिती अहवाल जोडा. प्रत्येक खेपेला एसटीचा अख्खा दिवस आणि आईची एक दिवसाची मजुरी, कारण तरण्या मुलीला एकटीला कसे पाठवायचे म्हणून आई सोबत यायची. तिसऱ्या खेपेनंतर ती आमच्याकडे आली आणि म्हणाली, "ताई, तिथं माझं नाव कुणी विचारतच नाही. नाव सांगाय लागलं की म्हणत्यात, पीआरएन सांगा."

दुरुस्ती झाली. चार महिने लागले. तोवर शिष्यवृत्तीच्या नूतनीकरणाची मुदत संपत आली होती, कारण अर्जाला गुणपत्रक लागते आणि गुणपत्रकावर ती नापास होती. काम शेवटी कशामुळे झाले? कोणत्या पोर्टलमुळे नाही, की कोणत्या तक्रार निवारण कक्षामुळे नाही. एक कनिष्ठ लिपिक खुर्चीतून उठला, दुसऱ्या मजल्यावर गेला, गठ्ठ्यातून अहवाल काढला आणि खाली येऊन म्हणाला, "बाळ, तुझी सही हाय इथं. जेवलीस काय?" ती मुलगी खिडकीसमोरच रडायला लागली.

हा प्रसंग सांगितला की आमचे काही मित्र म्हणतात, बघा, मोठ्या विद्यापीठाचे हेच असते, लहान विद्यापीठे करा. आम्हाला हे उत्तर घाईचे वाटते. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

शिवाजी विद्यापीठाची स्थापना १८ नोव्हेंबर १९६२ रोजी झाली. तत्कालीन राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते उद्घाटन झाले आणि इतिहासकार डॉ. आप्पासाहेब पवार पहिले कुलगुरू झाले. सुरुवातीला ३४ महाविद्यालये आणि सुमारे १४,००० विद्यार्थी होते. २००४ साली सोलापूर जिल्ह्यासाठी स्वतंत्र विद्यापीठ झाले. एक पूर्ण जिल्हा गेला, तरी आज कोल्हापूर, सांगली आणि सातारा मिळून अडीचशेहून अधिक महाविद्यालये आणि अडीच-तीन लाखांच्या घरात विद्यार्थी आहेत. एका बाजूला चंदगड आणि दुसऱ्या बाजूला जत, आटपाडी, माण. यातल्या बहुसंख्य मुलांनी विद्यानगरचा तो साडेआठशे एकरांचा परिसर, तो अश्वारूढ पुतळा, ते ग्रंथालय पदवीच्या तीन वर्षांत एकदाही पाहिलेले नसते. त्यांच्यासाठी विद्यापीठ म्हणजे हॉल तिकिटावरचा शिक्का, आणि फार तर युवा महोत्सवाला गेलेल्या मैत्रिणीचा फोटो.

म्हणजे आपण 'विद्यापीठ' म्हणतो तेव्हा दोन वेगळ्या गोष्टी बोलत असतो. विद्यानगरमधील अधिविभागात वर्गात वीस-तीस-चाळीस मुले असतात. तिथला प्राध्यापक नावाने हाक मारतो, कॅन्टीनला चहा होतो, प्रबंधाचा विषय ठरवताना भांडणही होते. दुसरे विद्यापीठ परीक्षा घेते, निकाल लावते, पदवी देते. बहुतेकांच्या वाट्याला हे दुसरेच येते. नॅकने २०२१ मध्ये विद्यापीठाला ए प्लस प्लस श्रेणी दिली, त्याचा आम्हालाही आनंद झाला. पण ती श्रेणी गगनबावड्याच्या मुलाला कुठे दिसते, हा वेगळा प्रश्न आहे.

बाबासाहेबांनी हा फरक फार आधी ओळखला होता. १९२७ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात मुंबई विद्यापीठ कायद्याच्या दुरुस्ती विधेयकावर बोलताना त्यांनी सांगितले की, गरजू आणि गरीब माणसाच्या दारापर्यंत उच्च शिक्षण नेणे हे विद्यापीठाचे मूलभूत काम आहे, आणि केवळ परीक्षा घेणारे व पदव्या वाटणारे विद्यापीठ कोणत्याही सुधारलेल्या देशात आपले अस्तित्व समर्थनीय ठरवू शकत नाही. त्याच चर्चेत त्यांनी सिनेटवर मागासवर्गीयांच्या प्रतिनिधित्वाची मागणी लावून धरली. आपण त्यांचे ते भाषण जयंतीच्या पोस्टरवर लावतो, पण त्यातले दोन्ही मुद्दे एकत्र वाचत नाही. दारापर्यंत शिक्षण नेणे म्हणजे तालुक्याला एक कॉलेज काढून देणे एवढेच त्यांना म्हणायचे नव्हते. आत आल्यावर त्या माणसाचे ऐकणारे कोणी आत असले पाहिजे, हाही त्यांचा आग्रह होता.

आता आमच्या मनातली अडचण. समाजशास्त्राच्या वर्गात मॅक्स वेबर शिकताना नोकरशाहीचे वर्णन येते, की ती माणूस पाहत नाही, नियम पाहते. वर्गातली बरीच मुले याकडे टीका म्हणून पाहायची. आमच्यासारख्यांना मात्र ते वाचून कुठेतरी बरे वाटले होते. का वाटले, हे तेव्हा नीट सांगता आले नाही. आज सांगता येते. गावात आमच्या आजोबांना सगळे ओळखत होते. शाळामास्तर ओळखत होता, तलाठी ओळखत होता, घर कोणत्या बाजूला आहे ते सगळ्यांना ठाऊक होते. साताऱ्याच्या शाळेत लहान भीमरावला घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसवणारे मास्तरही त्याला नावानिशी ओळखतच होते. ओळख नव्हती म्हणून आपल्यावर अन्याय झाला असे नाही. ओळख होती म्हणूनच झाला.

म्हणून उत्तरपत्रिकेवर नावाऐवजी नंबर आला, वर बारकोड आला, ही आपल्यासाठी लहान गोष्ट नाही. तपासणाऱ्याला आडनाव दिसत नाही. उलट जिथे माणूस माणसाला समोर पाहून गुण देतो, तोंडी परीक्षा, प्रात्यक्षिक, अंतर्गत गुण, तिथेच आपल्या मुलांच्या तक्रारी जास्त असतात. दिल्लीच्या एम्समधील भेदभावाची चौकशी करणाऱ्या डॉ. सुखदेव थोरात समितीने २००७ साली जे मांडले, त्यात अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांनी शिक्षकांच्या वागणुकीबद्दल, तोंडी व प्रात्यक्षिक परीक्षांबद्दल आणि वसतिगृहात एकटे पडण्याबद्दल सांगितले होते. एम्स हे काही लाखो विद्यार्थ्यांचे विद्यापीठ नाही. तिथे सगळे सगळ्यांना ओळखतात.

त्यामुळे 'विद्यापीठ आपुलकीचे हवे' असे कोणी म्हटले की आम्ही आधी विचारतो, कोणाशी आपुलकी? कारण आपल्याकडे आपुलकीचा दुसरा अर्थ वशिला असा होतो. "तू कुणाचा रे?" हा प्रश्न कोल्हापुरात प्रेमानेच विचारतात, पण त्याचे उत्तर दिल्यावर प्रेम कमी-जास्त होते हे आपण सगळ्यांनी अनुभवले आहे. ज्याचा मामा संस्थेत आहे, ज्याचे वडील संचालकांच्या ओळखीचे आहेत, त्याच्यासाठी कोणतेही विद्यापीठ आजही घरगुतीच आहे. त्याला खिडकीशी उभे राहावे लागत नाही.

मग नंबरच बरा म्हणायचे का? तेही नाही. हैदराबाद केंद्रीय विद्यापीठात १७ जानेवारी २०१६ रोजी गेलेल्या रोहित वेमुलाने शेवटच्या पत्रात लिहिलेली वेदना आठवा. माणसाचे मोल त्याच्या जवळच्या ओळखीपुरते उरते, एका मतापुरते, एका आकड्यापुरते उरते, असे त्याचे म्हणणे होते. आमच्या मते या पत्राचे हे अंग अजून पुरेसे वाचले गेलेले नाही. रोहितला दोन्ही बाजूंनी मारले. जात म्हणून तो सगळ्यांना ठाऊक होता आणि माणूस म्हणून कुणालाच नव्हता. त्याची फेलोशिप कित्येक महिने थकली होती. ती फाईल ज्या टेबलावर होती तिथे तो फक्त एक नंबर होता, आणि वसतिगृहातून काढताना मात्र तो बरोबर रोहित होता.

आम्हाला जे हवे आहे ते या दोन्हींच्या मधले नाही, वेगळेच आहे. गुण देताना, प्रवेश देताना, शिष्यवृत्ती मंजूर करताना आम्हाला कुणी ओळखू नये. नियम आंधळा असावा. पण मुलगी तीन आठवडे वर्गात दिसली नाही तर ते कुणाच्या तरी लक्षात यावे. आडनाव न विचारता जेवलीस का हे विचारावे. हे अशक्य आहे का? बाबासाहेबांच्या स्वतःच्या शिक्षणात याची उदाहरणे आहेत. एल्फिन्स्टन कॉलेजात बाकीचे वातावरण कसे होते ते आपण जाणतो, कॉलेजच्या हॉटेलवाल्याने त्यांना चहा-पाणी दिले नाही. त्याच कॉलेजात प्रा. म्यूलर त्यांना पुस्तके देत, कपडे देत. पुढे कोलंबिया विद्यापीठ तर न्यूयॉर्कसारख्या अफाट शहरातले, त्या काळीही प्रचंड. तिथे प्रा. सेलिग्मन यांनी या विद्यार्थ्यासाठी लंडनला प्रा. फॉक्सवेल यांना पत्र लिहिले. जॉन ड्यूई, सेलिग्मन, शॉटवेल यांना बाबासाहेबांनी आयुष्यभराचे मित्र मानले. १९१८ मध्ये ते परत येऊन मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, तर त्याच मडक्यातले पाणी पिण्यावर सहकारी प्राध्यापकांनी हरकत घेतली. मोठ्या कोलंबियात माणूस मिळाला आणि स्टाफरूमएवढ्या जागेत मिळाला नाही. आकाराचा मुद्दा आमच्या दृष्टीने इथेच संपतो.

कोल्हापूरचा अनुभवही तेच सांगतो. शाहू महाराजांनी शिक्षणाचा प्रश्न सोडवायला घेतला तेव्हा राजाराम कॉलेज होतेच, १८८० पासून होते. पण खेड्यातला मुलगा शहरात आला तर राहणार कुठे, खाणार काय, आणि संध्याकाळी बोलणार कोणाशी? १८९६ साली सर्व जातींसाठी म्हणून एक वसतिगृह निघाले, ते प्रत्यक्षात एकाच जातीचे होऊन बसले. मग १९०१ पासून व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, जैन बोर्डिंग, पुढे मुस्लिम बोर्डिंग, लिंगायत बोर्डिंग आणि १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह अशी रांगच लागली. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते यामुळे. शाळा शिकवते आणि बोर्डिंग सांभाळते, अशी ती सरळ विभागणी होती. जातवार वसतिगृहांचा दोष आहेच, आपुलकी मिळाली पण जातीच्या भिंतीच्या आत मिळाली. महाराजांना त्याची जाणीव नव्हती असे नाही. पण १९०८ साली आपल्या मुलाला कोल्हापुरात रात्री पाठ टेकायला हक्काची जागा मिळाली, हे आधी मान्य केले पाहिजे. याच मातीत, जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकलेल्या भाऊराव पाटलांनी पुढे साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीत जेवायला घातले आणि कमवा-शिकाचा मार्ग दाखवला. शिवाजी विद्यापीठात आजही कमवा व शिका योजनेतले विद्यार्थी भवन आहे. तिथे राहिलेल्या माजी विद्यार्थ्यांना विद्यापीठाबद्दल विचारा. ते इमारतीबद्दल बोलत नाहीत, मेसच्या पाळ्या, रेक्टर आणि खोलीतल्या मित्रांबद्दल बोलतात.

बौद्ध परंपरेतही हे मोठेपण आणि जवळीक एकत्र नांदलेले आहे. नालंदा काही लहान नव्हते. ह्युएनत्संगाच्या चरित्रात तिथल्या भिक्खूंची संख्या दहा हजार दिली आहे, आणि सातव्या शतकाच्या शेवटी तिथे सुमारे दहा वर्षे राहिलेला इत्सिंग तीन हजारांहून अधिक सांगतो. आकडा कोणताही धरा, त्या काळाच्या मानाने प्रचंडच. पण इत्सिंगने जे बारकाईने लिहून ठेवले ते गर्दीबद्दल नाही, उपाध्याय आणि शिष्य यांच्या रोजच्या वागण्याबद्दल आहे. शिष्य आचार्यांची सेवा करतो आणि शिष्य आजारी पडला तर आचार्य त्याची शुश्रूषा करतात. विनयातली उपज्झाय आणि सद्धिविहारिक यांची रचना तीच. हजारोंच्या संघात प्रत्येकासाठी एक माणूस ठरलेला होता. ती सदिच्छा नव्हती, तो नियम होता आणि तो पाळावा लागे.

आजच्या भाषेत याला 'मेंटॉर-मेंटी' म्हणतात, आणि त्याचे आपण काय केले ते पाहा. नॅकच्या निकषांत मेंटॉरमागे किती विद्यार्थी हे विचारले जाऊ लागले. मग प्रत्येक कॉलेजात मेंटॉरची रजिस्टरे झाली. पुष्कळ ठिकाणी समिती येण्याच्या आधीच्या आठवड्यात ती भरली जातात, एकाच पेनने, एकाच हस्ताक्षरात. 'विद्यार्थ्याशी चर्चा केली, मार्गदर्शन केले.' आम्ही असे रजिस्टर पाहिले आहे. त्यात ज्या मुलाशी चर्चा झाल्याचे लिहिले होते, त्याने दोन महिन्यांपूर्वीच कॉलेज सोडले होते. (ते कॉलेज कोणते, हेही इथे लिहीत नाही.)

प्राध्यापकांना दोष देऊन आम्ही मोकळे होणार नाही. राज्यातल्या विद्यापीठांत आणि अनुदानित कॉलेजांत पूर्णवेळ पदांचा मोठा हिस्सा वर्षानुवर्षे रिक्त आहे. वर्ग चालतात ते तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे सीएचबीच्या शिक्षकांवर. त्यातले कितीतरी आपलेच नेट-सेट, पीएच.डी. झालेले भाऊ-बहिणी आहेत. सकाळी एका कॉलेजात, दुपारी दुसऱ्या तालुक्यात, मानधन कधी येईल याचा भरवसा नाही, आणि पुढच्या जूनमध्ये आपण इथे असू की नाही हे त्यांनाच ठाऊक नाही. अशा माणसाने कोणाचा मेंटॉर व्हायचे? स्वतःची ओळख दर वर्षी नव्याने सिद्ध करावी लागणारा शिक्षक विद्यार्थ्याची ओळख कशी ठेवणार? आपल्या चळवळीत सीएचबीचा प्रश्न हा नोकरीचा प्रश्न म्हणून मांडला जातो. तो विद्यार्थ्यांचाही प्रश्न आहे, आणि विद्यार्थी संघटनांनी तो तसा हाती घेतला पाहिजे.

त्यात नवे शैक्षणिक धोरण आले. मेजर, मायनर, क्रेडिट, चार वर्षांची पदवी, बारा अंकी एबीसी आयडी. विषय निवडायचे स्वातंत्र्य कागदावर मोठे आहे. पण ते स्वातंत्र्य वापरायला समोर बसून सांगणारा माणूस लागतो. ज्याच्या घरी शिकलेले कोणी आहे तो घरी विचारतो. पहिल्या पिढीचा विद्यार्थी नेट कॅफेवाल्याला विचारतो, आणि कॅफेवाला ज्या विषयावर क्लिक करतो तो त्याचा मायनर होतो. अतिशयोक्ती वाटेल, पण प्रवेशाच्या दिवसांत कोणत्याही तालुक्याच्या एसटी स्टँडसमोरच्या झेरॉक्स दुकानात तासभर उभे राहून पाहा. तिथला पोरगा गावातला खरा शैक्षणिक सल्लागार आहे. महाडीबीटीचे अर्जही तोच भरतो. त्याने बँकेचा किंवा जातप्रमाणपत्राचा एक आकडा चुकवला तर भारत सरकार शिष्यवृत्तीचे अख्खे वर्ष जाते. वसतिगृहात नंबर न लागलेल्यांसाठी २०१६-१७ पासून बाबासाहेबांच्या नावाची स्वाधार योजना आहे. तीही पुष्कळांना उशिरा कळते, कारण सांगणारे कोणी नसते.

लहान विद्यापीठांचा पर्याय म्हणूनच आम्ही सावधपणे पाहतो. साताऱ्यात २०२१ मध्ये रयतच्या तीन महाविद्यालयांचे मिळून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झाले. स्वायत्त महाविद्यालये वाढत आहेत, खासगी विद्यापीठेही आली. काही ठिकाणी निकाल वेळेवर लागतात, प्राचार्य मुलांना ओळखतात, हे खरे आहे आणि त्याचे कौतुक करायला हरकत नाही. पण विनाअनुदानित अभ्यासक्रम वाढले की फी वाढते, आणि खासगी विद्यापीठांत तर फीमाफी व शिष्यवृत्तीचाच प्रश्न उभा राहतो. चाळीस जणांचा सुंदर वर्ग आहे आणि त्यात आपले कोणी नाही, अशी आपुलकी आम्हाला नको. मोठे सरकारी विद्यापीठ हे आपल्या मुलांसाठी आजही सर्वांत रुंद दार आहे. ते अरुंद करून जिव्हाळा वाढवायचा हा सौदा बहुजनांना परवडणारा नाही.

नामांतराच्या लढ्यातून आपण एक गोष्ट शिकलो होतो. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने ठराव केला आणि १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. त्या मधल्या साडेपंधरा वर्षांत माणसे मेली, घरे जळाली. ते सगळे एका पाटीसाठी नव्हते. हे विद्यापीठ आमचेही आहे, हे म्हणण्यासाठी होते. आमच्या आधीच्या पिढीने विद्यापीठावर हक्क सांगितला. आमच्या पिढीने त्या विद्यापीठाच्या रोजच्या कारभारात आपली माणसे आणि आपला आवाज किती आहे हे विचारायला हवे होते, ते आम्ही फारसे विचारले नाही. हा दोष आमच्याकडे घेतो.

आवाजाची जागा तर बंदच आहे. विद्यार्थ्यांच्या थेट निवडणुका महाराष्ट्रात १९९४ च्या कायद्यापासून थांबल्या. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात पुन्हा तरतूद आली, २०१९ मध्ये निवडणुका होणार म्हणून तयारीही झाली आणि त्या पुढे ढकलल्या गेल्या. त्यानंतर विषय गेलाच. निवडणुकांत पूर्वी मारामाऱ्या झाल्या हे खरे आहे. पण लाखो विद्यार्थ्यांच्या संस्थेत विद्यार्थ्याने निवडलेला एकही प्रतिनिधी नसावा, आणि तक्रार करायची तर पोर्टलवर करा म्हणावे, हे कसे चालते?

भेदभावाबाबत विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम २०१२ पासून आहेत. प्रत्येक संस्थेत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी असला पाहिजे असे ते सांगतात. २०१९ मध्ये राधिका वेमुला आणि आबेदा तडवी या दोन माता सर्वोच्च न्यायालयात गेल्या, तेव्हा ते नियम किती कागदावर आहेत हे देशासमोर आले. त्या याचिकेच्या पार्श्वभूमीवर २०२५ च्या सुरुवातीला आयोगाने नव्या नियमांचा मसुदा काढला. नव्या नियमांवर आपल्या संघटनांनी बोलावेच. पण त्याआधी एक साधे काम आहे. आपण ज्या कॉलेजात शिकलो किंवा शिकतो, तिथे भेदभावविरोधी अधिकारी कोण आहे, त्यांचे नाव फलकावर आहे का, समान संधी कक्षाच्या गेल्या वर्षात किती बैठका झाल्या, हे माहितीच्या अधिकारात विचारायचे. अर्जाला दहा रुपये लागतात. आमच्यापैकी दोघांनी असे अर्ज टाकले आहेत. एका ठिकाणाहून उत्तर आले की, कक्ष स्थापन आहे. बैठकांच्या रकान्यात काहीच नव्हते. हे उत्तर आम्ही फ्रेम करून ठेवावे का, यावर आमच्यात विनोद झाला.

आणखी काही मागण्या आहेत ज्या आम्हाला अवघड वाटत नाहीत. विद्यापीठाचे एक छोटे कार्यालय प्रत्येक दूरच्या तालुक्यात आठवड्यातून एक दिवस उघडावे, एखाद्या कॉलेजच्याच खोलीत. गुणपत्रकातली चूक कॉलेजने पुढे पाठवायची आणि विद्यार्थ्याला खेप घालावी लागू नये, कारण चूक त्याची नसते. पीआरएन विचारावा, जरूर विचारावा, पण दुरुस्तीचा अर्ज घेतल्यावर तो कोणाच्या टेबलावर आहे त्या माणसाचे नाव पावतीवर असावे. आम्ही आमचे नाव देतो, तुम्ही तुमचे द्या. पहिल्या सहा आठवड्यांत वर्गातून गळालेल्या मुलांची यादी प्रत्येक विभागाने करावी आणि त्यांना फोन करावा. गळती होते ती बहुधा याच काळात, गुपचूप, खोली मिळाली नाही म्हणून, मेसचे पैसे नाहीत म्हणून, इंग्रजी कळत नाही म्हणून. कोणी विचारले नाही की मूल गावी जाते आणि गावात सांगते, मन लागलं नाही.

आणि एक मागणी आपल्याच लोकांकडे. सरकारी वसतिगृहातून, विद्यार्थी भवनातून शिकून नोकरीला लागलेले आपले किती अधिकारी, प्राध्यापक, बँकवाले आज कोल्हापुरात आहेत? चौदा एप्रिलला ते वर्गणी देतात, डीजेच्या वर्गणीला नाही म्हणायचे धाडसही आता काहीजण दाखवतात, चांगले आहे. पण जून-जुलैत दोन रविवार द्या म्हटले की फोन उचलत नाहीत. पैसे देणे सोपे पडते, वेळ देणे नाही. ज्या लिपिकाने त्या मुलीचा अहवाल शोधला तो आपल्या समाजाचा नव्हता, हेही नोंदवून ठेवतो.

या महिन्याच्या चारही रविवारी सकाळी दहा ते एक आम्ही आमच्या वस्तीतल्या विहारात टेबल टाकून बसणार आहोत. महाडीबीटीचे अर्ज, स्वाधारची कागदपत्रे, एबीसी आयडी, विषयांची निवड, निकालातल्या चुका, जे असेल ते घेऊन या. येताना आधार कार्ड, बँक पासबुक, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला, मागच्या वर्षाचे गुणपत्रक आणि मोबाईल आणा, ओटीपी त्याच मोबाईलवर येतो. इतर तालुक्यांतल्या मित्रांनी आपापल्या विहारात असे टेबल सुरू केले तर आमच्याकडे तयार केलेली कागदपत्रांची यादी आहे, ती देऊ. 'गैरहजर' ठरलेली ती मुलगी आता दुसऱ्या वर्षाला आहे. नोंदवहीचे काम तिच्याकडे आहे. तिने पहिल्या रकान्यात नाव आणि शेवटच्या रकान्यात पीआरएन ठेवला आहे.